मैत्रीचा सामना

कुस्तीच्या तालमीत एक चांगला प्रघात आहे. तेथील नामांकित मल्ल केवळ आपल्या तोडीच्या गड्याशीच सराव करीत नाही. वस्तादांची आज्ञा होताच तो नवशिक्या मुलांनाही अंगावर घेतो. मुलगा पाच वेळा चीत होतो. सहाव्या वेळी तो एखाद्या पकडीतून निसटतो आणि निसटण्याची ती युक्ती त्याला जन्मभर पुरते. या झटापटीत कोण जिंकला हे कोणी विचारीत नाही. कोण काय शिकला, एवढेच पाहिले जाते.

हाच प्रघात इतर खेळांतही असावयास हवा. कोल्हापुरात फुटबॉलचे अनेक संघ तालमींतूनच उभे राहिले. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ ही नावेच त्याची साक्ष देतात. आणि ज्या इंग्लंडमधून फुटबॉल आपल्याकडे आला, त्या देशात थोरांनी धाकट्यांशी खेळण्याची रीत आजही पाळली जाते.

इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या वरच्या चार श्रेणींत ९२ क्लब आहेत. त्यांच्या खाली गावोगावचे कितीतरी लहान क्लब येतात. त्यांतील पुष्कळ खेळाडू दिवसभर नोकरी किंवा धंदा करतात आणि सायंकाळी सराव करतात. ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू होतो. त्यापूर्वी, जुलै महिन्यात, मोठे क्लब जवळपासच्या अशा लहान क्लबांशी मैत्रीचे सामने खेळतात. सुट्टीत सैलावलेले शरीर पुन्हा खेळास सज्ज व्हावे, हा मोठ्या संघाचा हेतू असतो. लहान संघाला मात्र त्याहून अधिक लाभ होतो. तिकिटांचे उत्पन्न मैदानाच्या डागडुजीस उपयोगी पडते आणि थोर खेळाडूंच्या चपळाईपुढे आपण किती टिकतो, हे समजते.

आपल्या देशातही असे प्रसंग घडले आहेत. २४ सप्टेंबर १९७७ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर न्यूयॉर्कच्या कॉसमॉस या व्यावसायिक संघाचा सामना मोहन बागान संघाशी झाला. कॉसमॉसकडून जगद्विख्यात पेले खेळत होता. त्या काळी भारतात पूर्णवेळ व्यावसायिक फुटबॉल नव्हता. तरीही मोहन बागानच्या खेळाडूंनी हार मानली नाही आणि सामना २–२ असा बरोबरीत सुटला. त्याच हंगामात मोहन बागानने आय.एफ.ए. शील्ड, ड्युरँड आणि मुंबईची रोव्हर्स या तिन्ही मानाच्या स्पर्धा जिंकल्या. एका मैत्रीच्या सामन्याने हे सारे घडविले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु पेलेसमोर न डगमगलेल्या खेळाडूंना पुढे कोणाचे भय वाटावे?

प्रत्येक वेळी बरोबरी होते असे नव्हे. ऑक्टोबर २०११ मध्ये इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा संघ पुण्यास आला. बालेवाडीच्या मैदानावर त्याने पुणे फुटबॉल क्लबाचा ३–० असा पराभव केला. पण चेंडू कोठे येणार हे आधीच ओळखून तेथे उभे कसे राहावे, हा धडा असा पराभव जितका स्पष्ट शिकवितो, तितका दुबळ्या संघावरील विजय शिकवीत नाही.

आता आपल्या मातीतील कबड्डीचा विचार करावा. २०१४ पासून कबड्डीचेही व्यावसायिक संघ झाले आहेत. पुणेरी पलटण आणि यू मुंबा हे त्यांपैकी महाराष्ट्रातले दोन संघ होत. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावी १३ मीटर लांब व १० मीटर रुंद जागा आखली की कबड्डीचे मैदान तयार होते. मोठ्या खेळाडूंची चढाई आणि पकड गावातील मुले दूरदर्शन संचावर पाहतात. पण पाहणे निराळे आणि त्या चढाईला सामोरे जाणे निराळे. हंगामापूर्वी या संघांनी एक-दोन सायंकाळी अशा गावांच्या मैदानावर सराव केला, तर त्यांचे काय बिघडेल?

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, मोठ्या फरकाने हरल्यावर लहान खेळाडूंचे धैर्य खचेल. त्यावर उपाय सोपा आहे. दोन्हीकडचे गडी मिसळून दोन संघ करावेत, म्हणजे हार-जीत वाटून घेता येईल. दुसरा आक्षेप दुखापतीचा. हा भीतीचा भाग खरा आहे; म्हणून जमीन नीट भुसभुशीत करून घ्यावी, पंच जाणता असावा आणि लहान वयाच्या मुलांशी प्रौढांनी अंगाची पूर्ण ताकद लावू नये.

मात्र एक पथ्य दोन्ही बाजूंनी पाळले पाहिजे. पाहुण्या खेळाडूंनी नुसते हात हलवून, सह्या देऊन परत जाऊ नये. तसे झाल्यास तो सामना न राहता तमाशा होईल. गावच्या तरुण संघाशी खेळताना दया म्हणून मुद्दाम हरूही नये. ज्याला आपण मनापासून खेळण्यायोग्य समजतो, त्याचाच आपण मान राखतो. आणि गावच्या संघानेही पाहुण्यांकडे तोंड उघडे टाकून पाहत न बसता, हा माझा प्रतिस्पर्धी आहे, या भावनेने मैदानात उतरावे.

खेळाचे झाड वरून कितीही फुलले, तरी त्याची मुळे गावोगावच्या मैदानांतच असतात. आज मोठ्या संघांत चमकणारे अनेक खेळाडू एके काळी अशाच मातीत खेळले आहेत. ज्या मातीने आपल्याला वाढविले, तिच्याकडे वर्षातून एकदा परत जाणे हे उपकार करणे नव्हे. ते कर्तव्य आहे, आणि मोठ्या संघांनी ते आनंदाने पार पाडावे.