काचेतली उजनी

काचेच्या टाकीत समुद्र मांडायचा, तर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार मोजून घालावे लागतात! बारामती-इंदापूरकरांचा 'समुद्र' मात्र जवळच आहे : भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा. चला, भिगवणचा काठ घरी मांडू या.

६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच टाकी घ्या. तीत ५४ लिटर पाणी मावतं. तळाशी धुतलेली वाळू, चार गोटे, थोडी पाणवनस्पती. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मगच ओता. मासे लगेच सोडायचे नाहीत बरं का! माशांच्या घाणीतून अमोनिया हे विष तयार होतं. ते पचवणारे जीवाणू वाळूत वाढायला काही आठवडे लागतात. तोवर रोज चिमूटभर खाद्य तेवढं टाका. मग बोटाएवढे चार मासे सोडा. कटला, रोहू नकोत. ते किलोकिलोंनी वाढतात. मरळ तर शेजाऱ्यालाच गिळते! दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला.

आणि कंटाळा आला म्हणून टाकीतले मासे धरणात सोडू नका हं! चिलापी मूळची आफ्रिकेतली. १९५२ साली तिची एक जात भारतात आणली. आज उजनीच्या जाळ्यांत चिलापीच भरभरून येते. पाहुणाच घरमालक झाला, तर मूळच्या माशांनी जायचं कुठं? सांगा बरं!