बोक्यांची कुस्ती आणि आपली करमणूक

परवा पुन्हा एक व्हिडिओ आला. दोन बोके समोरासमोर. एक फिस्कारतोय, दुसरा कान पाडून भिंतीला खेटलाय, आणि मागून घरमालकीणबाईंचं खो खो हसणं. मथळा काय, तर 'नवरा-बायको'.

मला हसू येत नाही. रसभंगाबद्दल क्षमस्व.

शौक जुना आहे म्हणा. १८९४ साली एडिसनच्या न्यू जर्सीतल्या स्टुडिओत प्रोफेसर वेल्टन या सर्कसवाल्याच्या दोन मांजरांना ग्लोव्ह्ज घालून रिंगणात उभं केलं आणि त्यांची ठोसेबाजी चित्रित केली. सिनेमा तेव्हा रांगत होता, आणि सुचलं काय, तर हे!

मांजरं खेळतात, नाही असं नाही. ते व्हिडिओ मीही चवीने बघतो. पण खेळात नखं आत असतात, फारसा आवाज नसतो, एकदा हा वर तर एकदा तो, मध्येच सगळं सोडून पाय चाटणं. शेपूट फेंदारलेली, डोळ्यांची बुबुळं मोठ्ठी, घशातून तो लांबट गुरगुराट... हा खेळ नव्हे राव, ही भीती आहे.

सगळ्यात राग येतो तो दवाखान्यातून परतलेल्या मांजराच्या व्हिडिओंचा. कालपर्यंत दोघं एकमेकांना चाटत होती. आज एकाच्या अंगाला औषधांचा वास. मांजर सोबत्याला ओळखतं मुख्यतः वासावरून, तेव्हा दुसऱ्याला वाटतं, घरात परकं कुणीतरी घुसलं. ते अंगावर धावून जातं. आजारी मांजर आधीच अर्धमेलं, त्यात हे. आणि मालक काय करतो? फोन काढतो. खरं तर त्याला दिवसभर वेगळ्या खोलीत ठेवायचं, दोघांची अंथरुणं अदलाबदल करायची, की बहुतेकदा प्रकरण निवळतं.

यावर ठरलेलं उत्तर: "अहो, मांजरं भांडतातच, गल्लीत नाही का भांडत?" भांडतात. पण गल्लीत हरलेला बोका कुंपणावरून उडी मारून पसार होतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटमधला कुठे जाणार? कपाटावर. मग खाली एकच वाडगं आणि वाळूचा एकच ट्रे, त्यावर दुसरा राखण करत बसलेला. कपाटावरचं ते तोंडही कुणीतरी टिपतंच, वर 'रुसूबाई' म्हणून.

आणि हो, सोडवायला हात मध्ये घालू नका, बोचकारतील. उशी नाहीतर पुठ्ठा धरा.