‘एएसएमई’चा डब्ल्यूपीएस युरोपात का अडतो?

वाळूज किंवा शेंद्र्यातील फॅब्रिकेशन शॉपला युरोपातून प्रेशर व्हेसलची चौकशी आली, की आधी कागद मागितले जातात. शॉपकडे अमेरिकी ‘एएसएमई सेक्शन ९’नुसार डब्ल्यूपीएस, म्हणजे वेल्डिंग कसे करायचे याची लेखी पद्धत, तयार असते. ग्राहकाला हवा असतो ‘आयएसओ १५६१४-१’. मग जुनीच माहिती नव्या फॉर्मवर टाइप करण्याचा मोह होतो. तिथेच गडबड होते.

डब्ल्यूपीएस उभा असतो पीक्यूआरवर, म्हणजे चाचणीच्या नोंदीवर. सेक्शन ९मध्ये बट जोडाला साधारणपणे दोन टेन्साइल आणि चार बेंड टेस्ट पुरतात. आयएसओच्या २०१७च्या आवृत्तीत दोन स्तर आहेत. स्तर १ एएसएमईच्या जवळचा आहे. स्तर २मध्ये मात्र रेडिओग्राफी किंवा अल्ट्रासॉनिक, मॅक्रो आणि धातू व जाडीनुसार हार्डनेस, इम्पॅक्टही लागते. न झालेली चाचणी टाइप करून कशी मिळणार?

उष्णतेचा हिशेबही वेगळा. युरोपीय पद्धतीत टिग वेल्डिंगला ०.६ने गुणतात, सेक्शन ९च्या सूत्रात हा गुणांक नाही.

खरी मेख मंजुरीत आहे. सेक्शन ९चा पीक्यूआर उत्पादक स्वतः प्रमाणित करतो. युरोपच्या नियमांत वर्ग २ ते ४च्या प्रेशर उपकरणांसाठी वेल्डिंग पद्धतीला बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेची मंजुरी लागते.

त्यामुळे लहान शॉपने नवा पीक्यूआर करतानाच निरीक्षक बोलवावा, टेस्ट पीस मोठा घ्यावा आणि जादा चाचण्या त्यातूनच उरकाव्यात. कोटेशनआधी स्तर १ की २, हे ग्राहकाकडून लेखी घ्यावे. चाचण्यांचा खर्च भावात धरता येतो तो तेव्हाच.