निवडयादी आणि नंतरची वर्षे
(तृतीय वर्ष कला)

अमेरिकेतील एन.बी.ए. या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेत नव्या खेळाडूंची भरती ज्या पद्धतीने होते तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. आपल्याकडे उमेदवार अर्ज करतो आणि कोठे रुजू व्हायचे हे निदान कागदोपत्री तरी तोच ठरवतो. तिथे सारे उलटे. संघ आपापल्या क्रमाने एकेका तरुणाचे नाव पुकारतात आणि ज्याने नाव पुकारले त्याच्याशीच त्या तरुणाने करार करायचा. मागच्या हंगामात जे संघ हरले त्यांना आधी निवडण्याची संधी मिळते, म्हणजे दुबळ्याला बळ मिळावे. हेतू वाईट नाही. पण एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला त्या दिवशी जो आकडा चिकटतो, तो पुढे कधी सुटत नाही. तो चांगला खेळला तर ‘इतक्या खालून आला’ म्हणून कौतुक, आणि न खेळला तर ‘इतक्या वर असून फुकट गेला’ म्हणून हेटाळणी. आकडा त्याने मागितलेला नसतो, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

१७ जून १९८६ रोजी न्यूयॉर्क येथे झालेला ड्राफ्ट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पहिला ब्रॅड डॉहर्टी, दुसरा लेन बायस, तिसरा ख्रिस वॉशबर्न. सहावा विल्यम बेडफर्ड, सातवा रॉय टार्पली. पहिल्या सातांपैकी चौघांची कारकीर्द अमली पदार्थांनी गिळली. वॉशबर्नवर १९८९ साली बंदी आली; तोवर तो जेमतेम बहात्तर सामने खेळला होता. टार्पलीने १९८८ साली उत्कृष्ट राखीव खेळाडूचे पारितोषिक मिळवले, पुढे त्यालाही संघटनेने बाहेर काढले, परत घेतले आणि पुन्हा बाहेर काढले. बेडफर्ड खेळ संपल्यानंतर गांजाच्या वाहतुकीबद्दल तुरुंगात गेला. आणि लेन बायस तर एकही सामना खेळला नाही. त्या वर्षीच्या विजेत्या बोस्टन संघाने त्याला निवडले आणि दोनच दिवसांनी, १९ जूनच्या सकाळी, कोकेनमुळे तो गेला. वय बावीस.

इथे बहुतेक लिहिणारे थांबतात आणि व्यसनाचे दुष्परिणाम या विषयाकडे वळतात. माझ्या मते बायसच्या मृत्यूची खरी कथा त्यानंतर सुरू होते. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे तेव्हाचे सभापती टिप ओनील हे बोस्टनकडचेच. निवडणुका तोंडावर होत्या आणि गावोगावी बायसचीच चर्चा. काही महिन्यांत, ऑक्टोबर १९८६ मध्ये, अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा संमत होऊन त्यावर अध्यक्ष रेगन यांची सही झाली. त्या कायद्यात कोकेनच्या भुकटीसाठी एक माप होते आणि ‘क्रॅक’ या खड्याच्या स्वरूपातील कोकेनसाठी दुसरे. पाच ग्रॅम क्रॅकला जी किमान पाच वर्षांची शिक्षा, तीच भुकटीच्या पाचशे ग्रॅमला! क्रॅकच्या गुन्ह्यांत पकडले जाणारे बहुसंख्य गरीब वस्त्यांतले कृष्णवर्णीय होते. बायसने घेतली होती ती भुकटी; पण क्रॅकनेच तो गेला असा समज तेव्हा सर्वत्र पसरला होता. हे शंभरास एक असे प्रमाण २०१० साली अठरास एक झाले. मधल्या चोवीस वर्षांत किती तरुण त्या मापाखाली भरडले गेले असतील! एका मुलाचा बळी गेला म्हणून शोक करणाऱ्यांनी त्याच्या नावावर हजारो मुलांना आत टाकले. हा शोक मला मुळीच खरा वाटत नाही.

आता यादीच्या खालच्या अंगाला पाहू. सत्तावीस क्रमांकावर डेनिस रॉडमन. शाळेत त्याला कोणी खेळाडू मानले नव्हते. डलास-फोर्टवर्थ विमानतळावर तो रात्रपाळीला झाडलोट करीत असे. मग अचानक उंची वाढली, ओक्लाहोमातील एका लहानशा महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि पंचविसाव्या वर्षी त्याचे नाव पुकारले गेले. नेम धरण्यात तो कधीच मोठा नव्हता. पण हुकलेला चेंडू परत मिळवण्यात, ज्याला रिबाउंड म्हणतात, तो सलग सात हंगाम पहिला आला आणि पाच विजेत्या संघांत होता. रंगवलेले केस आणि बाकीचे चाळे हा निराळा विषय आहे; असो. शेहेचाळीस क्रमांकाचा जेफ हॉर्नासेक महाविद्यालयात शिष्यवृत्तीवाचून संघात शिरला होता. तो चौदा हंगाम खेळला.

तर मग ‘क्रमांकाला अर्थ नाही, सारे नशीब’ असे म्हणून मोकळे व्हायचे का? आमच्या मित्रमंडळींत हेच मत जास्त आवडते. मला ते पटत नाही. नशीब म्हणून ज्याची बोळवण होते त्यातले पुष्कळसे कोणीतरी माणसांनीच ठरवलेले असते.

ड्राझेन पेट्रोविच या युगोस्लाव्ह खेळाडूचेच पाहा. साठाव्या क्रमांकावर पोर्टलँड संघाने त्याला निवडले. १९८९ मध्ये तो तिकडे गेला आणि बाकावर बसून राहिला, कारण त्याच्या जागी खेळणारे दोघे संघात आधीच पक्के होते. १९९१ च्या जानेवारीत त्याला न्यू जर्सीला देऊन टाकले. तिथे त्याला मैदान मिळाले, आणि १९९२-९३ च्या हंगामात तोच माणूस सामन्यागणिक बावीसहून अधिक गुण करू लागला. दोन वर्षांत त्याचे हात बदलले नव्हते. ७ जून १९९३ रोजी जर्मनीत मोटार अपघातात तो वारला. ते मात्र नशीबच म्हणावे लागेल, आणि पहिल्या क्रमांकाचा डॉहर्टी पाठीच्या दुखण्याने अठ्ठाविसाव्या वर्षी कायमचा थांबला, तेही. पण पेट्रोविचला बाकावर कोणी बसवले याचे उत्तर नावागावासह देता येते.

उलट बाजूही आहे. वॉशबर्नला मैदान मिळाले नाही असे कोणी म्हणणार नाही. संघटनेच्या नियमात आपणहून पुढे येणाऱ्याला उपचारांची सोय होती, त्याला संधीही मिळाल्या. ज्याचे त्याने काही केलेच पाहिजे, हे मी नाकारत नाही. फक्त तिसऱ्या क्रमांकावर त्याला निवडणाऱ्या मंडळींच्या अंदाजाचे अपयश कोणी मोजत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. टेबलापलीकडच्या माणसांची चूक झाली की शिक्का बसतो तो टेबलाअलीकडच्या मुलावर. गुणांच्या आणि मुलाखतींच्या याद्यांत वाढलेल्या आम्हा विद्यार्थ्यांना ही रीत अपरिचित नाही, आणि आमच्या गुरुजनांनाही नसावी.

आपल्या देशातला पहिला खेळाडू या यादीत आला तो २०१५ साली. पंजाबमधल्या बल्लो के या खेड्यातला सतनामसिंग, उंची सात फुटांवर, क्रमांक बावन्न, संघ डलास. तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांत केवढा आनंद झाला! पुढे तो त्या संघटनेचा एकही सामना खेळला नाही, खालच्या लीगमध्ये खेळला, हे किती जणांनी वाचले? आपण निवडीचा दिवस साजरा करतो. त्यानंतरची वर्षे त्या मुलाने एकट्याने काढायची असतात.

याच १९८६ च्या यादीत चोविसावा होता लिथुआनियाचा अर्व्हिदास साबोनिस. तेव्हा लिथुआनिया सोव्हिएत संघात होता, त्यामुळे त्याने अमेरिकेत जाण्याचा प्रश्न त्याच्या हाती नव्हता. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्याच्या संघाने उपान्त्य फेरीत अमेरिकेलाच हरवून पुढे सुवर्णपदक घेतले. पोर्टलँडसाठी तो मैदानात उतरला १९९५ साली, निवडीनंतर नऊ वर्षांनी, टाचेच्या शिरा दोनदा तुटलेल्या पायांनी. तरीही सात हंगाम खेळला. त्याचा मुलगा डोमांतास पोर्टलँडमध्येच जन्मला, आणि २०१६ च्या ड्राफ्टमध्ये त्याचे नाव अकराव्या क्रमांकावर पुकारले गेले.