पुडीवरचे चित्र

४ फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन. यंदा त्या आठवड्यातील रविवारी नाशकात निघालेल्या एका पदयात्रेत आमच्या पेढीची झाडून सारी माणसे चालली. मुनीमजी, हिशेब पाहणारी मुलगी, गल्ल्यावरची दोघे, टेम्पोचालक, गोदामात धान्य निवडणाऱ्या दोन बाया, चार हमाल आणि आम्ही घरचे मिळून एकवीस जण. प्रत्येकी तीनशे रुपये नोंदणी पेढीने भरली आणि वर एक्कावन्न हजारांची देणगी दिली. पावती पेढीच्या भिंतीवर लावण्याचा विचार माझ्या मनात येऊन गेला होता, हे आज सांगायला संकोच वाटतो.

चालण्याचे आपल्या समाजाला काही नवल नाही. साधु-साध्वींचा विहार आपण लहानपणापासून पाहतो. चातुर्मास संपला की त्यांच्यामागून दोन कोस चालण्यातला आनंद ज्याने अनुभवला आहे, त्याला पाच किलोमीटरची मातब्बरी वाटत नाही. तरीही पेढीतील माणसांबरोबर असे चालण्याचा प्रसंग मला पहिल्यांदाच आला. पेढीवर प्रत्येकाची जागा ठरलेली असते. मी गादीवर, मुनीमजी वहीपाशी, हमाल ओट्याखाली. रस्त्यावर सर्वांच्या अंगात एकाच रंगाचा सदरा, आणि पुढे कोण, मागे कोण, हे ज्याच्या त्याच्या गुडघ्यांवर.

साडेसहाला गोल्फ क्लब मैदानावर अंधार पुरता सरलेला नव्हता. एक स्वयंसेवक मुलगा केळी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आमच्याकडे आला. आम्हा घरच्यांची नवकारशी व्हायला अजून तास-सव्वा तास होता, म्हणून आम्ही हात जोडले. तो दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा आला; या लोकांना काय झाले आहे हे त्याला उमजेना. शेवटी टेम्पोचालकाने त्याला बाजूला घेऊन समजावले आणि आमच्या वाट्याची केळी हमालांत वाटून टाकली.

त्र्यंबक नाक्याकडून शरणपूर रस्ता, महापालिकेच्या राजीव गांधी भवनावरून कॅनडा कॉर्नर, पुढे कॉलेज रोड, असा मार्ग होता. कॅनडा कॉर्नरला आलो तेव्हा मला एक योगायोग जाणवला. कर्करोगासाठी चालून वा धावून निधी जमविण्याची रीत जगभर रुजली, त्यात कॅनडाच्याच एका तरुणाचा फार मोठा वाटा आहे. टेरी फॉक्स त्याचे नाव. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, त्याचा उजवा पाय कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायानिशी तो देशाच्या पूर्व टोकापासून पश्चिमेकडे धावत निघाला. प्रत्येक देशबांधवाने एक डॉलर द्यावा, एवढीच त्याची मागणी. १४३ दिवसांत त्याने ५,३७३ किलोमीटर कापले. मग रोग फुप्फुसांत पसरला आणि थांबावे लागले. २८ जून १९८१ रोजी तो गेला. परंतु त्याआधीच, त्याच्या देशाच्या तेव्हाच्या लोकसंख्येइतके, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख डॉलर जमले होते. मुनीमजींना मी ही हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "हिशेब कोण ठेवत होतं?" मुनीमजींचा प्रश्न मुनीमजींसारखाच, पण तो त्या दिवशी माझ्या डोक्यात राहिला खरा.

कॉलेज रोडला वळताना पुढील तुकडीचा फलक आमच्या समोर आला. त्यावर तोंडाच्या कर्करोगाचे एक मोठे छायाचित्र होते. पाहवत नाही असेच. आमचे सर्वांत जुने हमाल, ज्यांना मी लहानपणापासून मामा म्हणतो, माझ्या शेजारून चालत होते. त्यांना वाचता येत नाही. ते फलकाकडे थोडा वेळ पाहत राहिले आणि अगदी सहज म्हणाले, "शेठ, हे तर आपल्या पुडीवरचं चित्र हाये."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा आणि आपण सोबत्याला दाखवावा, तसा स्वर होता. एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या वेष्टनाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या चित्राने आणि इशाऱ्याने व्यापलेला असतो. पुड्यांची ती खोकी मामांनी वर्षानुवर्षे पाठीवर वाहिली आहेत, मोजून दिली आहेत. मी ती वहीत उतरविली आहेत. त्यांनी चित्र पाहिले होते. मी फक्त आकडा पाहिला होता.

आमची पेढी रविवार कारंज्याजवळ, किराणा मालाची, घाऊक. आजोबांच्या काळापासून पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडचे दुकानदार आमच्याकडून माल नेतात. त्यांच्या यादीत साखर, तेल, चहा, डाळी असतात आणि तळाशी तंबाखू, विडी, मिस्री, तपकीर, सुपारी. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, तेव्हा आम्ही दुसऱ्याच दिवशी तो माल परत पाठविला आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. कायद्याने जे चालते ते मात्र चालू राहिले. आपण कंदमूळ खात नाही, रात्री जेवत नाही, पाणी गाळून पितो. आणि गोदामाच्या उजव्या कोपऱ्यात ती खोकी छतापर्यंत रचलेली असतात. या दोन गोष्टी माझ्या मनात कधी समोरासमोर आल्याच नव्हत्या.

प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे अतिचार म्हणताना पंधरा कर्मादानांचा उल्लेख येतो. श्रावकाने करू नयेत असे ते पंधरा व्यवसाय. त्यांतील पाच व्यापाराचे. दंत, लाक्षा, रस, केश आणि विष. ही नावे मी लहानपणापासून म्हणत आलो. विषवाणिज्य म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर सोमल नाही तर अफू विकणारा कोणी पुराणकाळचा माणूस येई. आपण त्यातले नाही याचे समाधान मानून मी पुढच्या अतिचाराकडे वळे. पाप स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि त्याला अनुमोदन देणे, हे तिन्ही आपल्या शास्त्राने एकाच पंक्तीत बसविले आहेत. घाऊक व्यापारी यांपैकी कोठे बसतो? मला वाटते, त्याची जागा मधली आहे, आणि ती काही हलकी नाही.

पदयात्रेच्या शेवटी तपासणीचे तंबू होते. दंतवैद्य डॉक्टरांनी मामांना तोंड उघडून आपलीच तीन बोटे उभी आत घालायला सांगितले. निरोगी माणसाची तीन बोटे जातात. मामांचे दुसरे बोट निम्म्यावर अडकले. गालाच्या आतल्या बाजूला एक पांढुरका चट्टाही निघाला. सुपारीने तोंडातील आवरण दोरीसारखे आवळत जाते, त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो, असे डॉक्टर म्हणाल्या. "तिखट खाल्लं की आग होते का?" त्यांनी विचारले. मामा हसले. तीन वर्षांपासून ते भाकरी दुधात कुस्करून खात होते. आमच्याच ओट्यावर बसून खात होते. आम्हांला वाटे, वयाने दात गेले असतील.

धान्य निवडणाऱ्या बायांपैकी एक रोज दोनदा मिस्री लावते. ती तंबाखू आहे हे तिच्या गावीही नव्हते. दात घासायचे मंजन, एवढीच तिची समजूत. डबी अर्थातच आमच्या गोदामातली, कामगार म्हणून स्वस्तात दिलेली.

येथे वाचकांपैकी अनेकांना न रुचणारी एक गोष्ट लिहितो. तंबाखूला आपल्यातील बहुतेक घरांत थारा नाही, पण सुपारीला आहे. जेवणानंतर तबकातून ती फिरते, पूजेत असते, लग्नात असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीचा समावेश माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. तंबाखूविना खाल्लेल्या पानसुपारीचाही. पूजेत ठेवलेली सुपारी कोणाला बाधत नाही. दाढेखाली धरलेली बाधते. याच संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात सुमारे चौदा लाख नव्या रुग्णांची भर पडली आणि नऊ लाखांवर माणसे दगावली. पुरुषांत पहिला क्रमांक ओठ व तोंडाच्या कर्करोगाचा आहे.

मग अशा पदयात्रांचा उपयोग काय, असे मला मागाहून दोघातिघांनी विचारले. चालण्याने कोणाचा रोग बरा होत नाही, हे खरेच. आपल्या महाराष्ट्रात ज्या कामाने मृत्यू प्रत्यक्ष कमी करून दाखविले, ते फार शांतपणे झाले. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मंडळींनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत जाऊन तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांना आपल्या पाहणीत सामील करून घेतले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही विषाणूची एकदाच चाचणी केली, तरी त्या गटातील मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगाने त्यांची दखल घेतली. त्यासाठी घोषणा लागली नाही. घरोघरी जाऊन लाजणाऱ्या स्त्रियांना तपासणीपर्यंत आणणारी माणसे लागली. आमच्या पेढीवरील स्त्रियांनी त्या रविवारी तपासणीसाठी नावे दिली, ती मात्र केवळ एकमेकींच्या सोबतीमुळे. एकटी कोणीच गेली नसती. पदयात्रेने साधते ते मला वाटते एवढेच, आणि ते थोडे नाही.

सोमवारी पेढी उघडल्यावर मी मुनीमजींना जानेवारी महिन्याचा हिशेब वेगळा काढायला सांगितला. तंबाखू, विडी, मिस्री आणि तपकीर यांवरचा त्या एका महिन्याचा निव्वळ नफा आमच्या देणगीहून अधिक भरला. औषधदान आपल्याकडे श्रेष्ठ दानांत गणले जाते. आम्ही एका हाताने रोग विकला होता आणि दुसऱ्या हाताने त्याच्या औषधाला हातभार लावला होता. तोही विक्रीतून पुरेसे उरल्यावर.

बाबूजी ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना विचारल्यावाचून गोदामातला कोपरा रिकामा करणे शक्य नव्हते. त्यांनी सारे ऐकून घेतले.

"आपण नाही विकली तर शेजारचा विकेल."

"हो, विकेल."

"मग मामाची सुटेल का?"

"नाही सुटणार कदाचित."

"गिऱ्हाईक मात्र सुटेल," ते म्हणाले आणि माळ हातात घेतली. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, आणि माझ्याजवळ उत्तरही नव्हते. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी आपणहून विचारले, "मामाचा रिपोर्ट आला का?" आला नव्हता. ते म्हणाले, "तो येईपर्यंत नवा माल मागवू नकोस." परवानगी अशी मिळाली.

तुकड्याच्या तपासणीत कर्करोग निघाला नाही. नवा माल मात्र त्यानंतरही मागविला नाही. शिल्लक खोक्यांचा प्रश्न अवघड होता. मुनीमजींचे मत, एवढी विकून टाकावी आणि मग बंद करावे. अखेर ती तोट्यात वितरकाला परत केली. म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या गोदामात गेली. हे मी लपवीत नाही. पेठकडच्या तीन दुकानदारांनी आमचे खाते बंद केले. सगळी यादी एकाच ठिकाणी मिळावी ही त्यांची अपेक्षा, आणि त्यात गैर काही नाही. साखर आणि तेलही गेले. वर्षअखेरीस हा खड्डा किती मोठा दिसेल, याचा अंदाज मला आहे. मुलाला तो अजून सांगितलेला नाही. सुपारीचे मी काही ठरवू शकलेलो नाही. पूजेसाठी नेणारा कोणता आणि खाण्यासाठी नेणारा कोणता, हे गल्ल्यावर बसून कसे ओळखावे? बाबूजींचा अडकित्ता दुपारी अजून वाजतो.

मामांनी तंबाखू सोडली, पुन्हा धरली, पुन्हा सोडली. मधे एकदा चिडून म्हणाले, "पेढीनं इकायची सोडली तं मला दीड रुपया जास्त पडतो." आवळलेले तोंड पूर्ववत होणार नाही, पण व्यायामाने थोडे सैल होईल, असे डॉक्टर म्हणाल्या. व्यायाम आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा आहे. काड्यांची चवड दातांत धरायची, काही मिनिटे थांबायचे, आणि जमेल तेव्हा मधोमध आणखी एक काडी सरकवायची. हिशेबाच्या मुलीने त्यांच्यासाठी वहीचे एक पान राखून ठेवले आहे. दुपारची भाकरी झाली की मामा ओट्यावर भिंतीला टेकून चवड तोंडात धरतात आणि ती घड्याळ पाहते. मार्चमध्ये बारा काड्या होत्या. परवा पंधरावी गेली. त्या दिवशी मामांनी भाकरीबरोबर हिरवी मिरची मागितली, आणि एक चावा घेऊन परत केली.