उकळलेले खरकटे हीच लस

मिझोराममध्ये घरामागचे डुक्कर म्हणजे अडीअडचणीला मोडता येणारी पुंजी. 2019 च्या पशुगणनेत या राज्यात सुमारे 2.9 लाख डुकरे होती. 2021 या एकाच वर्षात आफ्रिकन स्वाइन फीवरने त्यातली 30 हजारांहून अधिक दगावली. 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचलात प्रथम सापडलेला हा रोग 2022 मध्ये थेट केरळातील वायनाडला पोहोचला. माणसाला त्याची बाधा होत नाही, पण माणूसच तो गावोगाव नेतो: बुटांच्या तळव्यांतून, ट्रकच्या चाकांतून आणि सर्वांत जास्त मांसातून.

यावर औषध नाही. विषाणू निष्क्रिय करून त्याचीच लस टोचण्याचा जुना, भरवशाचा मार्ग या रोगापुढे थिटा पडला आहे. मग विषाणू मारायचा तो डुकराच्या अंगाबाहेरच. गोठवलेल्या मांसात वर्षानुवर्षे टिकणारा हा विषाणू 60 अंश सेल्सिअसला 20 मिनिटांत मरतो. म्हणूनच हॉटेलांतले, घरांतले खरकटे डुकरांना घालण्याआधी ढवळत ढवळत 90 अंशांवर तासभर शिजवावे, असा जागतिक पशुआरोग्य संघटनेचा दंडक आहे. जंतुनाशकांचेही तसेच. विष्ठा न खरवडता त्यावर ओतलेले द्रावण घाणीतच जिरते आणि खालचा विषाणू शाबूत राहतो. आधी खरवडणे, मग धुणे, मग फवारणी. हा क्रम चुकला की पैसा पाण्यात गेला.

पण दोन डुकरे पाळणाऱ्या बाईने रोज तासभर जळण कुठून आणायचे? प्रबोधनाची पत्रके वाटणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. गावपातळीवर सामाईक चूल, मोठे पिंप आणि जळणाचा खर्च सरकारने उचलला, तरच तो दंडक पाळला जाईल. खरकटे पुरवणाऱ्या हॉटेलांकडूनही त्यात वाटा घ्यायला हरकत नाही.

दुसरी बाब भरपाईची. बाधित भागातली डुकरे मारल्यावर पालकाला द्यायची रक्कम केंद्र आणि राज्य निम्मी-निम्मी उचलतात. ती हाती पडायला महिने लागणार असतील, तर आजारी जनावर लपवून पडेल त्या भावात कसायाला विकले जाणारच. त्याच मांसातून रोग पुढच्या गावात शिरतो. तेव्हा डुक्कर मारण्याचा पंचनामा आणि भरपाईचा धनादेश एकाच दिवशी निघाला पाहिजे. त्यासाठीचा निधी साथ येण्याआधीच जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय कार्यालयात जमा करून ठेवावा.