घरची शाळा की गावची शाळा?

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की पिरनवाडीच्या गल्ल्यांतून एकच विषय चालतो. पोराला कुठल्या शाळेत घालायचे? पूर्वी हा प्रश्न पडत नसे. बापाने ज्या मराठी शाळेत पाटी धरली, त्याच शाळेत मुलाचे नाव लागायचे. आज सकाळी खानापूर रस्त्याला उभे राहिले, तर खाजगी शाळांच्या गाड्या एकामागून एक भरून जाताना दिसतात, आणि त्या गाड्यांत आपलीच मुले बसलेली असतात.

त्यात आता तिसरा मार्ग कानावर येऊ लागला आहे. आपल्याच घरांतली चांगली शिकलेली काही तरुण मंडळी आम्हाला विचारतात, "मराठी शाळेत शिक्षक पुरेसे नाहीत, इंग्रजी शाळेत मराठी नाही. मग शाळेत घालायचेच कशाला? आम्ही घरीच शिकवतो. मराठीही राहील आणि इंग्रजीही येईल." विचारणाऱ्यांची तळमळ खरी आहे. तेव्हा नाक मुरडून हा प्रश्न उडवून लावणे योग्य नाही. त्याचा नीट विचार व्हायला हवा.

प्रथम कायद्याचे पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरवले. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. घरी शिकवणाऱ्या पालकाला त्यात शिक्षा सांगितलेली नाही, तशी उघड परवानगीही नाही. शाळेत न जाता दहावीची परीक्षा द्यायची, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट आहे. म्हणजे ज्याला घरी शिकवायचेच आहे, त्याची वाट अगदी बंद नाही. दुखण्यामुळे किंवा अपंगत्वामुळे ज्या मुलाला शाळा झेपत नाही, त्याच्या आईबापांना तर कुणी बोल लावू नये.

घरी शिकवणे आपल्याला नवेही नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने. रमाबाई रानड्यांना न्यायमूर्तींनी घरीच अक्षर दिले. सावित्रीबाईंची पहिली शाळाही घरचीच, जोतिरावांपाशी. पण पुढे काय झाले ते पाहा. जोतिराव आणि सावित्रीबाई एवढ्यावर थांबले नाहीत. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. घरी शिकवणारा नवरा किंवा बाप प्रत्येकीच्या नशिबी नसतो, हे त्यांना ठाऊक होते. आपल्या शेजारच्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया ही लहान रक्कम नव्हती. गावची शाळा अशी मोठ्या कष्टाने उभी राहिलेली आहे.

घरच्या शाळेची परीक्षा तर आपण सर्वांनी अलीकडेच दिली. मार्च २०२० मध्ये कोरोनाने शाळा बंद पडल्या. शिक्षकांनी गल्लीत, देवळात मुले जमवून शिकवण्याची 'विद्यागम' योजना ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबरमध्ये थांबवावी लागली. पहिली ते पाचवीचे वर्ग उघडायला २०२१ चा ऑक्टोबर संपत आला. दीड वर्षाहून अधिक काळ आपले प्रत्येक घर ही शाळा होती. त्यात काय दिसले? ज्या घरात शिकलेली आई दिवसभर घरी होती, तिथली मुले तरली. उद्यमबागेच्या फौंड्रीत रात्रपाळी करून आलेला बाप आणि शेतात भांगलणीला गेलेली आई, यांनी कधी शिकवायचे? एक मोबाइल, तोही बापाच्या खिशात. तिसरीत गेलेल्या पोराला जोडाक्षर वाचता येईना, हे आम्ही आमच्याच गल्लीत पाहिले आहे.

म्हणजे घरची शाळा ज्याला परवडते त्याचीच. पण आमचा मुख्य मुद्दा याहून वेगळा आहे, आणि तो सीमाभागातल्या माणसाने तरी लक्षात घ्यायला हवा.

१९४९ च्या ऑगस्टमध्ये प्रांतोप्रांतीच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत एक दंडक ठरला. शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा मुले एखाद्या मातृभाषेची असतील, तर त्या भाषेतून शिकवणारा निदान एक शिक्षक द्यावा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण जागचे न हलता सीमा आपल्यावरून पलीकडे गेली. त्याच वर्षी घटनेत कलम ३५० (अ) आले, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर आली, आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणात तो दहा-चाळीसचा दंडकही घेतला गेला. मराठी शाळा मागण्याचा आपला हक्क असा आकड्यांवर उभा आहे. वर्गात दहा मुले असताना एक मूल घरी बसले, तर नऊ उरतात. ते मूल घरी कितीही उत्तम मराठी शिकले, तरी सरकारच्या हजेरीपटावर ते नसते. त्याच्या मागे राहिलेल्या नऊ जणांचा शिक्षक मात्र धोक्यात येतो.

१९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध सीमाभाग पेटला, गोळीबार झाला, माणसे गेली. दरवर्षी १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकापाशी आपण अभिवादनासाठी जमतो. पुढे ६ मे २०१४ रोजी, आपल्याच राज्याच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम सरकारला लादता येणार नाही, ती निवड पालकांची. निवड आपल्या हाती आली आणि आपण काय निवडले? मराठी शाळांचे बाक रिकामे होत चालले आहेत, त्याचे सगळे खापर बेंगळूरवर फोडता येणार नाही. व्यासपीठावरून मायमराठीचा जयजयकार करणाऱ्या आमच्यापैकी कितीजणांची नातवंडे मराठी शाळेत आहेत, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. ऑगस्ट २०२० मध्ये पिरनवाडीच्या चौकातल्या पुतळ्यावरून तणाव झाला, तेव्हा गावची तरुण पोरे एका हाकेला जमली. अखेर तो प्रश्न बोलणी करून मिटला. तेवढी गर्दी शाळेच्या आवारात, पटनोंदणीच्या दिवशी, कधी जमली आहे काय?

आमचे म्हणणे एवढेच की घर आणि शाळा ही एकमेकींची सवत नव्हे. मुलाचे नाव गावच्या मराठी शाळेत घाला आणि घरी रोज तासभर शिकवा. इंग्रजीची धास्ती असेल तर त्या तासातली अर्धी वेळ इंग्रजीला द्या. मातृभाषेत पाया पक्का झालेले पोर इंग्रजी उचलते. कन्नडही मन लावून शिकवा. २०१५ च्या कायद्याने तो विषय सक्तीचा झालाच आहे, आणि आपल्याच शेताच्या उताऱ्यावर काय लिहिले आहे ते दुसऱ्याकडून वाचून घेण्याची वेळ मुलांवर येऊ नये. आमचे भांडण सक्तीशी आहे, भाषेशी नाही.

ज्यांची मुले इंग्रजी शाळेत गेलीच आहेत, त्यांना तर घरची शाळा चुकवता येणार नाही. आजोबांनी रोज पेपरातली एक बातमी नातवाकडून मोठ्याने वाचून घ्यावी. आजीने पाढे म्हणून घ्यावेत. बालभारतीची पुस्तके संगणकावर फुकट मिळतात, १९७१ पासून निघणारे 'किशोर' मासिक आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कारदगा इथल्या साहित्य संमेलनांना जाताना मुलांना बोट धरून न्यावे.

ज्या तरुण पालकांना मुलांना घरी शिकवण्याइतका वेळ, शिक्षण आणि उत्साह आहे, त्यांना आमची एक विनंती आहे. तो उत्साह चार भिंतीत ठेवू नका. शाळेच्या एसडीएमसीत या. शिक्षकांची पदे रिकामी असतील तर अर्ज लिहा, शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत चार खेपा घाला. मराठी शाळेला मराठी जाणणारा शिक्षकच मिळाला पाहिजे, ही आमची मागणी आहे आणि ती आम्ही लावून धरू. संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर आपल्या मुलासोबत शेजारची चार मुले घेऊन बसा. तुमच्या एका मुलाला तुम्ही जे देणार होता, ते पाच जणांना मिळेल.

या पटनोंदणीला आपल्या गल्लीतले एक मूल मराठी शाळेत नेऊन बसवायचे, एवढा निश्चय प्रत्येक घराने करावा. वर्गातले ते दहावे मूल आपल्याच घरातले असू शकते.